मधला आरसा

धोंडीबा अफगाणिस्तानच्या लढाईवरून परत आला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. पण कोपरीच्या मिठागरावर कोणालाही विचारा, लढाई अजून चालूच होती. सकाळी फावडं खांद्यावर टाकून माणसं बांधावर जमली की धोंडीबा लंगडत लंगडत यायचा, खाडीकडे तोंड करून उभा राहायचा आणि सुरू करायचा, की पलटणीत असं नव्हतं. पलटणीत भाकरी गोल असायची, पलटणीत रांग सरळ असायची, पलटणीत बायका मधे बोलत नसत. पलटणीत मुळात बायका नव्हत्याच, हे त्याची बायको बायजा हळूच म्हणायची, आणि फावडीवाले खाली बघून हसायचे.

पण एका गोष्टीबद्दल तो बोलायला लागला की लोक खरोखर ऐकायचे. साहेब लोकांनी म्हणे असा आरसा काढला होता, की तो उन्हात धरून हलवला तर पाच कोसांवरच्या डोंगरावरचा माणूस त्याची लखलख बघून निरोप वाचायचा. तार नाही, खांब नाही, जासूद नाही. धोंडीबा हे असं सांगायचा, जणू तो आरसा त्यानंच हलवला होता. खरं म्हणाल तर त्या आरशाची तीन पायांची तिकाटणी डोंगरावर वाहून न्यायचं काम त्याच्याकडे होतं. पण तिकाटणी वाहणाऱ्याचीही छाती फुगतेच, आणि पाय अधू होऊन घरी आलेल्या माणसानं थोडी फुशारकी मारली तर त्यात कोणाचं काय जातं?

या वर्षी मात्र त्या फुशारकीपायी खरंच काही जायची वेळ आली होती. धोंडीबाला मुकादमानं खांबाची राखण दिली होती. खाडीचं टोक होतं, कळव्याच्या रेल्वेपुलाच्या अलीकडे, तिथे चिखलात एक खांब रोवलेला होता आणि त्यावर गेरूचा पट्टा मारलेला होता. अमावास्या-पुनवेला उधाण आलं की मिठागराची उघाडी, बांधातलं पाण्याचं दार, मोकळी सोडायची, म्हणजे खारं पाणी आत येऊन तळं भरतं. पण टोकाच्या खांबावर पाणी गेरूला लागलं की उघाडीच्या फळ्या टाकायला घ्यायच्याच. उशीर झाला तर पाण्याचा जोर असा असतो की चार गडी लागले तरी फळी खाचेत बसत नाही, पाणी बांध ओलांडून वाफ्यांत शिरतं, आणि पिकलेलं मीठ पुन्हा खाडीत जातं. आणि घाईनं आधीच फळ्या टाकल्या तर तळं उणं राहतं, पुढले पंधरा दिवस माणसं हात चोळत बसतात.

टोक इकडे आणि उघाडी तिकडे, मधे चांगला पाऊण कोस. आजवर टोकावरून हाळी द्यायची पद्धत होती. पण हाळीला वारा खायचा, पुलावरून गाडी गेली की ती खायची, आणि उरलीसुरली पलीकडच्या मिठागराचे लोक खायचे, कारण भरती त्यांनाही तीच आणि ओरडायचं त्यांनाही तेव्हाच. पुलावरून सरकारची तार गेली होती खरी, पण ती मुंबईचे भाव कल्याणला सांगायची. कोपरीचं मीठ बुडतंय हे सांगायची तिला मुभा नव्हती. तिच्यावर कावळे बसायचे, एवढाच तिचा या लोकांना उपयोग.

म्हणून धोंडीबानं मुकादमाला शब्द दिला, की हाळी बंद, आता आरसा. ठाण्याच्या बाजारातून हजामतीचे दोन आरसे आले. मुकादम खूश झाला, टोकाजवळची झोपडी त्यानं धोंडीबाला राहायला दिली. झोपडी म्हणजे काय, चार कूड आणि वर पेंढा. पण स्वतःची चूल होती. नाहीतर कल्याणला मुलीच्या घरी जाऊन राहावं लागलं असतं, आणि जावई रेल्वेत सांधेवाला. माणूस चांगला होता, सासऱ्याला पाट द्यायचा, पाणी द्यायचा. पण जावयाच्या ओसरीवर बसून लढाईच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे काय, हे धोंडीबानं आठ दिवस राहून बघितलं होतं. चौथ्या दिवशी जावई मधेच उठून गाडीची वेळ झाली म्हणाला. गाडी होती संध्याकाळची.

माघ अमावास्येला पहिला प्रयोग झाला आणि त्याचा पार बोजवारा उडाला. धोंडीबा टोकावर आरसा हलवत होता आणि काळुराम उघाडीवर डोळ्यांवर हात धरून बघत होता. काळुराम म्हणजे उघाडीचा जुना माणूस, हात दांडगे, बोलणं मोजकं. आता सकाळच्या उन्हात मिठागर कसं दिसतं ते ज्यानं बघितलंय त्यानं बघितलंय. प्रत्येक वाफ्यात पाणी, प्रत्येक राशीवर मीठ, आणि सगळं मिळून चमचमतं. त्यात पाऊण कोसावरचा हजामतीचा आरसा कुठला ओळखायचा! काळुरामनं कुठल्याशा चमकेला मान दिला आणि घटकाभर आधीच फळ्या टाकल्या. तळं अर्धं राहिलं.

धोंडीबा घाबरला नाही. पलटणीत अंतर फार असलं की मधे एक ठाणं करत, तिथला माणूस बघून पुढे पाठवायचा, हे त्यानं सांगितलं. तेव्हा मधे धाकूला उभा केला. धाकू काळुरामचा मेहुणा, नुकतंच लग्न झालेला, सांगितलं ते करणारा. धोंडीबानं त्याला मिठाच्या सगळ्यात उंच राशीवर चढवलं आणि हुकूम दिला, "दिसंल ती चमक पुढं पाठवायची. डोकं चालवायचं नाय. डोकं साहेबाचं असतं."

धाकूनं डोकं चालवलं नाही. होळीच्या पुनवेला त्यानं दिसेल ती प्रत्येक चमक इमानेइतबारे पुढे पाठवली. वाफ्यांची पाठवली, राशींची पाठवली, तांब्याचा हंडा घेऊन बांधावरून जाणाऱ्या बाईची पाठवली, पुलावरून गेलेल्या पाशिंजर गाडीच्या खिडक्यांची तर एकामागून एक सगळी पाठवली. त्यात भर म्हणून पलीकडच्या मिठागराचा राखणदार गोपीनाथ यानंही एव्हाना आरसा आणला होता. गोपीनाथाचं आणि धोंडीबाचं बोलणं नव्हतं. का नव्हतं ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण नव्हतं. त्या गोपीनाथाची लखलखसुद्धा धाकूनं मोठ्या मनानं पुढे पाठवली. काळुराम बिचारा किती वेळ धीर धरणार? त्यानं ठरवलं की हा माणूस होळीच्या नशेत आहे, आणि पाठ फिरवून विडी ओढत बसला. खरी खूण आली तेव्हा ती त्याच्या पाठीवर पडली.

त्या दिवशी पाणी आत शिरलं. खालच्या अंगाचे अकरा वाफे आणि दोन राशी गेल्या. होळी पेटायच्या आत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या राशी बसत बसत गेल्या, आणि बायकांनी कपाळाला हात लावला. धाकू रडायच्या बेताला आला होता. त्याला कोणी रागावलं नाही, कारण त्यानं सांगितलं तसंच केलं होतं.

मुकादम दुसऱ्या दिवशी आला. तो ओरडला नाही, म्हणूनच सगळ्यांना भीती वाटली. पाडव्याच्या आदल्या दिवशीची अमावास्या म्हणजे या हंगामातलं शेवटचं मोठं उधाण, एवढं त्यानं सांगितलं. त्या दिवशी पुन्हा असं झालं तर खांबाची राखण दुसऱ्याकडे जाईल, आणि झोपडी खांबाबरोबर जाईल. धोंडीबा पुढचे दोन दिवस पलटणीबद्दल एक अक्षर बोलला नाही. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी जेवताना बायजा म्हणाली, की मधे मी उभी राहते.

धोंडीबानं घास खाली ठेवला. बाईमाणूस आणि आरशाचं ठाणं! पलटणीत... असं म्हणून तो थांबला, कारण पलटणीची पत सध्या घरात फारशी नव्हती. बायजा भाकरी भाजत बोलत राहिली. ती रोज तिवरांत सरपणाला जायची. दोन्ही उधाणांना ती तिथेच होती, आणि तिथून तिला धोंडीबाचा आरसा स्वच्छ दिसला होता, कारण त्या बाजूनं त्याच्या मागे पाणी नव्हतं, पलीकडच्या तिवरांची काळी झाडी होती. उजेड उजेडावर धरला तर दिसेल कसा, असं तिनं विचारलं. काळोखावर धरायला हवा.

"पण ती जागा सरळ रेषेत नाय," धोंडीबा म्हणाला. "पार वाकड्यात हाय."

"मंग निरोपाचे काय पाय दुखनार हायेत?" बायजा म्हणाली, आणि भाकरी उलटली.

तिच्या आणखी अटी होत्या. त्यानं तीनदा लखलख करायची, मग थांबायचं, मग पुन्हा तीनदा. पाणी तसं लखलखत नाही, आणि गोपीनाथ तर आरसा सारखा घोळवत बसतो. तिला पटलं की ती त्याच्याकडे एकदा उजेड टाकेल. तो दिसेपर्यंत त्यानं थांबायचं नाही. आणि ती स्वतः पटल्याशिवाय पुढे काही पाठवणार नाही, मग भले इकडून कोणी कितीही हुकूम सोडो. हे शेवटचं बोलताना तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही, पण ते कोणासाठी होतं ते चुलीतल्या लाकडालासुद्धा कळलं.

धोंडीबानं मान्य केलं. मनात म्हणाला, बाईची हौस. पण तेरसेला आणि चौदसेला सराव झाला तेव्हा काळुराम उघाडीवरून चालत टोकापर्यंत आला, बायजाच्या आरशाशिवाय आज आपल्याला दुसरं काही दिसलंच नाही असं सांगून गेला. एवढा चालत येऊन एवढं बोलणं हे काळुरामच्या मानानं भाषणच झालं. धोंडीबाच्या जीवात जीव आला. संध्याकाळी तो धाकूला सांगताना दिसला, की ही तीनदा लखलख करायची युक्ती पलटणीतलीच.

अमावास्येचा दिवस उजाडला. ऊन लख्ख होतं. मुकादम सकाळीच येऊन उघाडीवर काळुरामशेजारी बसला, चार गडी फळ्या घेऊन तयार. बायजा तिवरांपुढे ओंडक्यावर चढून उभी. धोंडीबा टोकावर, गुडघाभर चिखलात, आरसा छातीशी धरून. पाणी चढत होतं. गेरूच्या पट्ट्याला लागायला अजून चार बोटं होती.

आणि तेवढ्यात पडाव आला. भरतीच्या पाण्यावर चढून कल्याणकडे निघालेला मोठा पडाव, कौलं भरलेलं शिडाचं गलबत. तांडेलानं टोकाशी आल्यावर वारा पडलाय असं बघून तिथेच नांगर टाकला आणि शीड तसंच ठेवून जेवायला बसला. शीड बरोबर धोंडीबाच्या आणि तिवरांच्या मधे.

धोंडीबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं आधी हात हलवले, मग हाळ्या दिल्या, मग शिव्या दिल्या. शिव्या पलटणीतल्या होत्या, चार मुलखांतल्या. तांडेलाला त्यातली एकही भाषा येत नसावी, कारण त्यानं हात वर करून जेवायला बोलावलं. पाणी गेरूला लागलं. धोंडीबानं तीनदा लखलख केली ती शिडावर पडली. पुन्हा केली. बायजाचा उजेड आला नाही, येणार कुठून! तो बाजूला सरकायला गेला तर अधू पाय चिखलात रुतला आणि तो कमरेपर्यंत खाली बसला. आरसा तेवढा त्यानं वर धरून ठेवला. त्याला एकामागून एक सगळं दिसायला लागलं: फळी खाचेत बसत नाही, वाफे बुडतायत, मुकादम उठून चालायला लागलाय, आणि आपण कल्याणला ओसरीवर बसलोय आणि जावई गाडीची वेळ झाली म्हणतोय. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, लपवायचं काय त्यात.

कितीतरी वेळानं तांडेलाच्या माणसांनी दोर टाकून त्याला बाहेर ओढला. तो तसाच चिखलानं माखलेला, धडपडत, बांधाबांधानं उघाडीकडे निघाला. निदान आपल्या तोंडानं सांगावं, एवढंच मनात होतं.

उघाडीवर पोचला तर फळ्या बसलेल्या. नुसत्या बसलेल्या नाहीत, वर माती लिंपून झालेली. बाहेर खाडी काठोकाठ, आत तळं जेवढं हवं तेवढं भरलेलं, आणि वाफ्यांत खाडीचा थेंबही नाही. काळुराम विडी ओढत होता. मुकादम उठून पुढे आला आणि त्यानं चिखलासकट धोंडीबाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, की अशी वेळेवर खूण आजवर कधी आली नव्हती, पलटणीचा माणूस तो पलटणीचा माणूस.

आता बघा, गप्प बसायला यापेक्षा चांगली संधी माणसाला मिळत नाही. तिवरांकडून बायजा चालत येत होती, पदरानं आरसा पुसत.

"माझा आरसा शिडामागं व्हता," धोंडीबा म्हणाला. "मी खूण दिलीच नाय. दिली ती कोनाला दिसली नाय. ही हिची करामत हाय, कशी ती मलाबी ठावं नाय."

सगळे बायजाकडे बघायला लागले. तिनं आधी नवऱ्याच्या अवताराकडे एकदा वरून खाली बघून घेतलं, मग सांगितलं. शीड आडवं आलं तसं टोक दिसेनासं झालं. पण पलीकडचा गोपीनाथ दिसत होता, त्याचा आरसा घोळवणं सुरू झालं होतं. इतके दिवस तिनं तो उजेड बाजूला टाकायची सवय केली होती. पण बाजूला टाकायचा तरी तो नीट बघावाच लागतो, आणि बघता बघता तिला कळलं होतं, की गोपीनाथाचं झालं की एक विडा चघळून होईतो धोंडीबाचं येतं. तेरसेला तसंच, चौदसेलाही तसंच. भरती दोघांची एकच. म्हणून आज तिनं गोपीनाथाचा उजेड बघितला, विडा तोंडात टाकला, चघळून संपवला आणि काळुरामला तीनदा लखलख केली.

मुकादमानं बायजाच्या हातातला आरसा घेऊन उलटसुलट करून बघितला. मग त्यानं सांगितलं, की खांबाची राखण आजपासून बायजाच्या नावावर. झोपडीही तिचीच. हाताखाली तिला कोण हवं ते तिनं सांगावं. बायजा म्हणाली, की घरात एक माणूस रिकामा आहे, तोच बरा. लोक हसले, आणि गंमत म्हणजे धोंडीबाही हसला, कारण त्याला कल्याणला जायचं नव्हतं, आणि त्यापुढे बाकीचं सगळं त्याला त्या क्षणी किरकोळ वाटलं.

त्यानं गोपीनाथाकडे जाऊन राम राम घातला पाहिजे असंही बायजानं ठरवून टाकलं. तो गेला. गोपीनाथानं चकित होऊन विडा पुढे केला, आणि मग दोघांनी मिळून तांडेलाला नावं ठेवली.

दुपारी बायजा त्याच्या पायावर गरम पाणी ओतत होती. तेव्हा कुठे त्यानं तिला विचारलं, की एवढ्या चमचमाटात कुठला उजेड कोणाचा हे तुला समजतं कसं? कोणी शिकवलं?

"तुमीच," बायजा म्हणाली.

ती पाणी ओतत राहिली. "अठरा वर्सं तुमची पत्रं येत व्हती ना. तुमी सांगायचं, तिकडचा मुनशी लिवायचा, हितं शाळंचा मास्तर वाचायचा. मुनशीचं त्याच्या पदरचं, मास्तरचं त्याच्या पदरचं. सगळी पत्रं सारखीच वाटायची, आशीर्वाद आनि काळजी करू नये. त्यातनं तुमचं कुठलं ते मी बघत बसायची. एका पत्रात, दोन पानं गेल्यावर, एकदम लिवलं व्हतं, हितलं पानी गोड हाय पन तहान भागत नाय. मास्तर म्हनला, याचा काय अर्थ नाय लागत. मी म्हनलं, राहूं दे. एवढं तुमचं व्हतं."

ते वाक्य आपण सांगितलं होतं हे धोंडीबाला आठवत होतं. पलटणीतलं एवढं सगळं तो रोज गावाला सांगायचा, पण हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. मुनशी हसला होता आणि लिहू का म्हणून त्यानं विचारलं होतं.

बायजानं त्याचा पाय पुसला, आरसा उचलून त्याच्या हातात दिला आणि आत जाता जाता म्हणाली, की उद्याही भरती मोठी आहे, सकाळी लवकर खांबावर जा.

"आनि शीड आडवं आलं तर वरडत बसूं नका," ती आतून म्हणाली. "थोडं बाजूला सरून उभे ऱ्हावा. मला तुमी दिसलं पायजे."